स्वच्छ हातांचा अग्रदूत : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

प्रस्तावना

रुग्णालयात एका रुग्णाला तपासून दुसऱ्या रुग्णाकडे वळण्यापूर्वी डॉक्टर आणि परिचारिका आपले हात स्वच्छ करतात. अनेक ठिकाणी खाटेजवळ जंतुनाशक द्रवाची बाटली ठेवलेली असते. शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी तर कोपरापर्यंत हात धुतले जातात. हे सारे आज इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागे काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी हीच साधी गोष्ट आग्रहाने सांगणाऱ्या एका डॉक्टरांच्या वाट्याला उपहास आणि उपेक्षा आली. आपल्या म्हणण्याचा विजय झालेला पाहण्याचे भाग्यही त्यांना लाभले नाही. या पाठात आपण त्या डॉक्टरांचा, म्हणजे इग्नाझ सेमेलवाइस यांचा जीवनपरिचय करून घेणार आहोत. एखादा प्रश्न मनाला अस्वस्थ करतो, निरीक्षणातून त्याचे उत्तर हळूहळू हाती येते आणि ते उत्तर इतरांना पटवून देणे मात्र शोधापेक्षाही कठीण ठरते; हे या चरित्रातून आपल्या लक्षात येईल.

बालपण आणि शिक्षण

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी तेव्हा दोन स्वतंत्र नगरे होती. १८७३ साली त्यांच्या एकत्रीकरणातून आजचे बुडापेस्ट शहर निर्माण झाले. इग्नाझ यांचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. घरची स्थिती चांगली होती आणि कुटुंब मोठे होते. हंगेरी हा प्रदेश त्या काळी ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या अधिपत्याखाली होता. त्यामुळे उच्च शिक्षणासाठी तरुणांची पावले साम्राज्याच्या राजधानीकडे, व्हिएन्नाकडे वळत.

१८३७ साली इग्नाझ कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी व्हिएन्नास गेले. पण तेथे त्यांचे मन वैद्यकशास्त्राकडे ओढले गेले आणि वर्षभरातच त्यांनी कायद्याचा अभ्यास सोडून वैद्यकाचा मार्ग धरला. काही काळ त्यांनी पेस्ट येथेही शिक्षण घेतले. १८४४ साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकातील पदवी त्यांना मिळाली. त्या काळात व्हिएन्ना हे वैद्यकीय शिक्षणाचे युरोपातील एक मोठे केंद्र होते. कार्ल रोकिटान्स्की, योझेफ श्कोडा आणि फर्डिनांड हेब्रा यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांचा सहवास सेमेलवाइस यांना लाभला. मृत्यूचे नेमके कारण जाणून घेण्यासाठी शवविच्छेदन करावे आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींवरच निष्कर्ष आधारावा, ही शिस्त त्यांनी याच मंडळींकडून आत्मसात केली. पुढे याच शवविच्छेदनाशी एक भयंकर सत्य निगडित असल्याचे त्यांना कळणार होते.

दोन विभाग, दोन नशिबे

१ जुलै १८४६ रोजी, वयाच्या बरोबर अठ्ठाविसाव्या वर्षी, सेमेलवाइस व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूती विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. या रुग्णालयात गरीब आणि निराधार स्त्रियांची प्रसूती विनामूल्य केली जाई. त्या बदल्यात विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी त्यांची तपासणी होत असे.

प्रसूतीनंतर काही तासांत किंवा दिवसांत स्त्रीला थंडी वाजून तीव्र ताप येई, पोटात असह्य वेदना होत, आणि पाहता पाहता तिचा अंत होई. या आजाराला सूतिकाज्वर म्हणत. कित्येकदा आईपाठोपाठ नवजात बालकही दगावत असे. युरोपातील बहुतेक मोठ्या सूतिकागृहांत हा आजार ठाण मांडून बसला होता.

व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्या विभागात सुईणीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया शिकत. स्त्रियांना आळीपाळीने एक दिवस पहिल्या आणि एक दिवस दुसऱ्या विभागात प्रवेश दिला जाई. दोन्ही विभाग एकाच आवारात होते. असे असूनही मृत्यूंच्या संख्येत मोठी तफावत होती. १८४६ या वर्षी पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता मरण पावल्या. म्हणजे मृत्यूचे प्रमाण शेकडा ११ हून अधिक होते. त्याच वर्षी दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमागे १०५ मृत्यू झाले. हे प्रमाण शेकडा ३ पेक्षाही कमी होते.

ही गोष्ट शहरातील गरीब स्त्रियांना आकडे न वाचताही ठाऊक झाली होती. पहिल्या विभागात आपला क्रमांक लागला आहे हे कळताच कित्येक जणी गुडघे टेकून, हात जोडून दुसऱ्या विभागात घेण्याची विनवणी करीत. काही स्त्रिया तर प्रवेशाचा दिवस उलटावा म्हणून वाटेतच प्रसूत होणे पत्करत. आणि आश्चर्य असे, की रस्त्यात प्रसूत होऊन मग रुग्णालयात आलेल्या स्त्रियांना हा ताप क्वचितच येई. रस्त्यावरील प्रसूती रुग्णालयातील प्रसूतीपेक्षा सुरक्षित ठरावी, ही गोष्ट सेमेलवाइस यांच्या जिव्हारी लागली. त्यांना झोप येईना, अन्न गोड लागेना.

कारणाचा शोध

या आजाराविषयी त्या काळी अनेक कल्पना प्रचलित होत्या. हवेतील आणि पृथ्वीतील काही दूषित प्रभावांमुळे तो होतो, असे अनेक विद्वान मानत. सेमेलवाइस यांनी एकेक कल्पना घेऊन तिची पारख केली. हवाच दूषित असेल, तर तिचा परिणाम एकाच आवारातील दोन विभागांवर वेगवेगळा कसा होईल? गर्दी हे कारण म्हणावे, तर दुसऱ्या विभागातच गर्दी अधिक होती. कारण स्त्रिया तेथे जाण्यासाठी धडपडत. आहार आणि देखभाल तर दोन्हीकडे सारखीच होती.

दुसऱ्या विभागात स्त्रियांना कुशीवर निजवून प्रसूत करीत, पहिल्या विभागात पाठीवर. सेमेलवाइस यांनी पहिल्या विभागातही कुशीवर निजवण्याची पद्धत सुरू केली. काहीही फरक पडला नाही. मरणासन्न स्त्रीसाठी अखेरची प्रार्थना म्हणायला येणारे धर्मगुरू पहिल्या विभागातून घंटा वाजवत जात. त्या आवाजाने इतर स्त्रिया भयभीत होऊन आजारी पडतात, असेही काही जण म्हणत. सेमेलवाइस यांनी धर्मगुरूंना दुसऱ्या वाटेने आणि घंटा न वाजवता येण्याची विनंती केली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. मात्र अशा रीतीने एकेक चुकीचे उत्तर बाजूला पडत गेले.

१८४७ च्या मार्च महिन्यात ते काही दिवस व्हेनिसला जाऊन आले. परत येताच त्यांना एक दुःखद वार्ता कळली. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक आणि त्यांचे स्नेही याकोब कोलेच्का यांचे निधन झाले होते. शवविच्छेदन करत असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी कोलेच्का यांच्या बोटाला लागली होती. ती लहानशी जखम चिघळली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. सूतिकाज्वराने मरण पावलेल्या स्त्रियांच्या शरीरात ते नित्य जे बदल पाहत, तेच बदल त्या अहवालात नोंदलेले होते.

त्याच क्षणी त्यांच्या मनात सारे दुवे जुळले. मृत शरीरातील दूषित द्रव्य सुरीवाटे कोलेच्का यांच्या रक्तात शिरले होते. मग स्त्रियांच्या शरीरात ते कशावाटे शिरत असेल? वैद्यकाचे विद्यार्थी आणि डॉक्टर रोज सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूती विभागात येऊन स्त्रियांची तपासणी करीत. हात साबणाने धुतले तरी शवाचा दर्प हातांवर रेंगाळत असे. दुसऱ्या विभागातील सुईणी मात्र शवविच्छेदन करीत नसत. दोन विभागांतील फरकाचे उत्तर हवेत, आहारात किंवा घंटेच्या आवाजात नव्हते. ते तपासणाऱ्याच्या हातांवर होते.

या उत्तराचा एक अर्थ फार कठोर होता. सेमेलवाइस स्वतः शवविच्छेदनात इतरांपेक्षा अधिक रमत असत. सूतिकाज्वराचे कारण शोधण्याच्या तळमळीने ते मृत स्त्रियांच्या शरीरांची रोज तपासणी करीत. म्हणजे ज्या स्त्रियांना वाचवण्यासाठी ते झटत होते, त्यांच्यापैकी कित्येकींपर्यंत मृत्यू त्यांच्याच हातांनी पोहोचवला होता. हे सत्य त्यांनी स्वतःपासून लपवले नाही आणि पुढे आपल्या ग्रंथातही मोकळेपणाने मान्य केले.

क्लोरीनच्या पाण्याची किमया

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यास सेमेलवाइस यांनी पहिल्या विभागात एक नियम लागू केला. स्त्रियांची तपासणी करण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुतलेच पाहिजेत. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याचे द्रावण, म्हणजे आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो तिचे पाणी, वापरण्यास सुरुवात केली. शवाचा दर्प नाहीसा करणारे द्रव्य दूषित कणही नष्ट करील, असा त्यांचा साधा तर्क होता.

परिणाम विलक्षण होता. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात शेकडा १८ माता मरण पावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले आणि जुलैमध्ये शेकडा १.२ इतके खाली गेले. १८४८ या संपूर्ण वर्षात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही माता दगावली नाही. ज्या विभागाच्या दारात स्त्रिया रडत उभ्या राहत, तो आता दुसऱ्या विभागाइतकाच सुरक्षित झाला होता.

मध्यंतरी एका घटनेने त्यांच्या ज्ञानात भर घातली. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक स्त्री विभागात दाखल झाली. तिच्या व्याधीतून दूषित स्राव वाहत असे. डॉक्टर तिला प्रथम तपासत आणि मग केवळ साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे जात. तिच्यानंतर तपासलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा जणी मरण पावल्या. दूषित द्रव्य केवळ मृत शरीरातूनच नव्हे, तर जिवंत रुग्णाच्या शरीरातूनही हातांवर येऊ शकते, हे यावरून स्पष्ट झाले. तेव्हापासून दोन रुग्णांच्या तपासणीमध्येही क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे त्यांनी सक्तीचे केले. आजच्या रुग्णालयांतील संसर्ग नियंत्रणाचे हे एक मूलभूत तत्त्व आहे.

विरोध आणि व्हिएन्नाचा निरोप

इतके स्पष्ट आकडे समोर असताना सर्वांनी ही पद्धत आनंदाने स्वीकारायला हवी होती. तसे घडले नाही. रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी माणूस मरतो, ही कल्पना अनेकांना विचित्र वाटली. शिवाय ही गोष्ट मान्य करणे म्हणजे आजवरच्या असंख्य मृत्यूंना आपलेच हात कारणीभूत होते, असे मान्य करणे होते. प्रतिष्ठित डॉक्टरांच्या अभिमानाला ते सहन होण्यासारखे नव्हते.

काहींना मात्र हे सत्य पटले. कील येथील डॉक्टर गुस्टाव्ह मिखाएलिस यांनी आपल्या सूतिकागृहात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची पद्धत सुरू केली. परंतु स्वतःच्या नात्यातील एक स्त्री आपल्याच हातून बाधा होऊन मरण पावली, ही जाणीव त्यांना असह्य झाली आणि १८४८ साली त्यांनी आपले जीवन संपवले. हे सत्य पेलणे किती अवघड होते, याची कल्पना यावरून येते.

सेमेलवाइस यांच्याकडूनही एक उणीव राहिली. लेखनाचा त्यांना कंटाळा होता. त्यांच्या शोधाची माहिती प्रथम हेब्रा यांनी लेख लिहून प्रसिद्ध केली आणि श्कोडा यांनी व्याख्यान देऊन तिचा पुरस्कार केला. सेमेलवाइस यांनी स्वतः वेळीच सविस्तर लिहिले नाही. त्यामुळे दूरदूरच्या डॉक्टरांपर्यंत त्यांचे म्हणणे अर्धवट किंवा चुकीच्या स्वरूपात पोहोचले.

मार्च १८४९ मध्ये त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ती वाढवून देण्यात आली नाही. १८५० साली त्यांना अध्यापनाची अनुमती मिळाली, परंतु ती केवळ मानवी प्रतिकृतीच्या साहाय्याने शिकवण्यापुरती मर्यादित होती. या अवहेलनेने व्यथित होऊन, जिवलग मित्रांनाही न सांगता, ते काही दिवसांतच व्हिएन्ना सोडून मायदेशी परतले.

मायदेशातील कार्य

पेस्ट येथील सेंट रोकुस रुग्णालयाच्या प्रसूती विभागाचे काम सेमेलवाइस यांनी मे १८५१ मध्ये विनावेतन स्वीकारले. शस्त्रक्रिया पाहणारे डॉक्टरच तेथे प्रसूतीचेही काम पाहत असत आणि सूतिकाज्वराने तेथेही कहर केला होता. सेमेलवाइस यांनी हात धुण्याचा नियम कसोशीने पाळायला लावला. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत तेथे ९३३ प्रसूती झाल्या आणि सूतिकाज्वराने केवळ ८ माता दगावल्या.

१८५५ साली पेस्ट विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. तेथील विभागात हात धुऊनही मृत्यू होऊ लागले, तेव्हा त्यांनी पुन्हा बारकाईने शोध घेतला. खाटांवरील चादरी नीट न धुताच पुन्हा अंथरल्या जात असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करून स्वच्छ चादरींचा आग्रह धरला. हात, उपकरणे आणि कपडे यांपैकी कशानेही दूषित द्रव्य पसरू शकते, हे त्यांनी ओळखले होते. १८५७ साली मारिया वाइडनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

अखेर १८६१ साली त्यांनी सूतिकाज्वराची कारणे आणि प्रतिबंध यांवर आपला ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्यात आकड्यांचे विपुल पुरावे होते, पण मांडणी पाल्हाळिक होती. युरोपातील नामवंत डॉक्टरांनी त्यावर प्रतिकूल टीका केली. माता मरतच होत्या आणि त्यांना वाचवण्याचा उपाय छापील पानांवर पडून होता. हे पाहून सेमेलवाइस यांचा संयम सुटला. विरोधकांना उद्देशून त्यांनी अनावृत पत्रे लिहिली आणि जाणूनबुजून हात न धुणाऱ्या डॉक्टरांवर हत्येचा आरोप केला. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. परंतु त्या कठोर शब्दांनी विरोधक वळले नाहीत. ते अधिकच दुरावले.

शोकांतिका

१८६५ च्या सुमारास सेमेलवाइस यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. त्यांच्या आजाराच्या नेमक्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुलै १८६५ च्या अखेरीस त्यांना व्हिएन्नास नेण्यात आले आणि तेथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे त्यांना बळजबरीने आवरताना गंभीर इजा झाल्या. हाताच्या बोटाची एक जखम चिघळली, तिचे विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. ज्या प्रकारच्या विषबाधेने कोलेच्का गेले, ज्या विषबाधेपासून हजारो मातांना वाचवण्यासाठी ते आयुष्यभर झगडले, तिनेच त्यांचा बळी घेतला.

नियती कधीकधी विलक्षण योग घडवून आणते. सेमेलवाइस यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यविशारदांनी पायाचे हाड मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. ती जखम न चिघळता बरी झाली. लुई पाश्चर यांच्या संशोधनाच्या आधारे लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातला. १८७९ साली पाश्चर यांनी सूतिकाज्वराला कारणीभूत असणारे जंतू दाखवून दिले. सेमेलवाइस यांना ज्याचे नाव ठाऊक नव्हते, तो शत्रू आता सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांना दिसू लागला.

चिरंतन वारसा

काळाने सेमेलवाइस यांना उशिरा का होईना, न्याय दिला. बुडापेस्टमधील त्यांच्या जन्मघरी आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे आणि त्यांच्या अस्थीही त्याच घराच्या आवारात विसावल्या आहेत. १९६९ पासून तेथील वैद्यकीय विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांचे खरे स्मारक मात्र रुग्णालयांतील दैनंदिन शिस्तीत आहे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरातील स्रावांशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या सभोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर, अशा पाच प्रसंगी हात स्वच्छ करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साबण आणि पाण्याने हात धुण्यासाठी ४० ते ६० सेकंद पुरेसे होतात. २००९ पासून दरवर्षी ५ मे रोजी या विषयावर जगभर जागृती केली जाते. औषधे कितीही प्रभावी झाली, तरी रुग्णालयातील संसर्ग रोखण्यासाठी स्वच्छ हातांना पर्याय नाही.

रुग्णाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो निष्णात शल्यविशारद असो, परिचारिका असो, सफाई कर्मचारी असो वा आजाऱ्याच्या उशाशी बसलेला नातेवाईक असो, हात धुण्यासाठी क्षणभर थांबावे. त्या एका क्षणात सेमेलवाइस यांच्या साऱ्या आयुष्याची तळमळ सामावलेली आहे.

स्वाध्याय

१. व्हिएन्नाच्या रुग्णालयातील दोन प्रसूती विभागांत कोणते साम्य आणि कोणता फरक होता?

२. सूतिकाज्वराविषयीच्या चुकीच्या कल्पना सेमेलवाइस यांनी कशा दूर केल्या?

३. कोलेच्का यांच्या मृत्यूवरून सेमेलवाइस यांनी कोणता निष्कर्ष काढला?

४. सेमेलवाइस यांच्या शोधाला विरोध होण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.

५. आपली चूक मान्य करणे हे धैर्याचे काम आहे, हा विचार पाठाच्या आधारे आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.

६. तुमच्या जवळच्या रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात संसर्ग टाळण्यासाठी कोणती काळजी घेतली जाते, याचे निरीक्षण करून टिपण तयार करा.